सुरांचा आधार कुठवर पुरतो?

कोणत्या रोगावर कोणता राग ऐकावा, याचे तक्ते आता घरोघरी पोचले आहेत. झोप येत नाही, दरबारी ऐका. रक्तदाब वाढलाय, अमुक राग. मन उदास आहे, तमुक. व्हॉट्सॲपवर हे तक्ते फिरतात आणि त्यांच्यासोबत पं. ओंकारनाथ ठाकुरांची गोष्टही फिरते. इटलीत निद्रानाशाने हैराण झालेल्या मुसोलिनीला त्यांनी म्हणे पूरिया गाऊन झोपवलं. ठाकुरांच्या गळ्याची ताकद ज्यांनी ध्वनिमुद्रणांतून अनुभवली आहे, त्यांना ही गोष्ट खरी असावीशी वाटते. पण दंतकथेवर उपचारपद्धती उभी राहत नाही. अशा तक्त्याच्या भरवशावर कुणी नैराश्याची गोळी परस्पर बंद केली, तर त्याची किंमत त्या माणसाला आणि त्याच्या घराला मोजावी लागते.

माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. संगीताने मनाला आधार मिळतो, याला आज बऱ्यापैकी पक्का पुरावा आहे. मात्र ज्या अभ्यासांतून तो पुरावा आला, त्यांतल्या बहुतेकांत सुरांबरोबर एक शिकलेला, ऐकून घेणारा माणूस होता. आपल्याकडे सुरांची चर्चा फार झाली, त्या माणसाची फारच थोडी.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंधराव्या अध्यायात, रुग्णासाठी घर कसं सज्ज ठेवावं याचं वर्णन येतं. हवा खेळती हवी, धूर-धूळ नको, सेवक कुशल हवेत. त्याच यादीत गाण्या-वाजवण्यात, गोष्टी आणि पुराणकथा सांगण्यात निपुण असलेली माणसंही आहेत. ती समोरच्याच्या मनातलं ओळखणारी आणि त्याला आवडणारी असावीत, अशी अपेक्षा आहे. कोणत्या रोगाला कोणता राग हे तिथे सांगितलेलं नाही. चरकाने माणसं नेमायला सांगितली आहेत. आजच्या तक्त्यांपेक्षा हे जुनं वर्णन मला आधुनिक संगीतोपचाराच्या कितीतरी जवळचं वाटतं.

व्यवसाय म्हणून संगीतोपचार उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धाच्या धक्क्यातून. अमेरिकेतल्या सैनिकी रुग्णालयांत जखमी जवानांसाठी गायक-वादक येऊन कार्यक्रम करत. शरीराची जखम भरूनही मनाने न सावरलेल्या जवानांवर त्याचा परिणाम दिसू लागला. नुसतं वाजवता येणं मात्र पुरत नव्हतं. रुग्ण रडू लागला, चिडला, उठून गेला, तर काय करायचं हे वादकाला ठाऊक नसे. म्हणून शिक्षणाची गरज भासली. १९४४ मध्ये मिशिगन स्टेटमध्ये पहिला अभ्यासक्रम सुरू झाला, पाठोपाठ कॅन्सस विद्यापीठात थेअर गॅस्टन यांनी काम उभारलं आणि १९५० मध्ये अमेरिकेत संगीतोपचारकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये चेलोवादक ज्युलिएट अल्विन यांनी १९५८ मध्ये संस्था काढली. पुढच्याच वर्षी संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष मुलांचे शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स हे दोघे एकत्र आले. न बोलणारं मूल ढोलावर जे काही बडवेल त्याला पियानोवर साथ द्यायची, त्याच्या किंचाळण्याचाही सूर पकडायचा, आणि त्या साथीतून त्याच्यापर्यंत पोचायचं, ही त्यांची रीत जगभर गेली.

संगीतोपचाराच्या सत्रात नेमकं काय होतं, याबद्दल आपल्याकडे बराच गोंधळ आहे. डोळे मिटून बासरीची ध्वनिफीत ऐकणं एवढंच अनेकांना माहीत असतं. ते ऐकणं हा एक छोटा भाग झाला. कुणी आपलं जुनं आवडतं गाणं घेऊन येतो आणि त्यातल्या शब्दांवर बोलता बोलता स्वतःबद्दल बोलू लागतो. कुणाला स्वतःचं गाणं रचायला मदत केली जाते. जगण्याचे शेवटचे महिने उरलेले रुग्ण घरच्यांसाठी असं गाणं मागे ठेवतात. कुठे गटाने गायलं जातं. कुठे रुग्ण आणि उपचारक दोघंही वाद्यं घेऊन, काहीही न ठरवता वाजवत जातात आणि मग थांबून विचारलं जातं, ‘आत्ता काय झालं?’ या शेवटच्या प्रकाराला गाणं-वाजवणं येण्याची अट नसते. संताप शब्दांत न मांडता येणारा माणूस तो ढोलावर मांडतो, आणि समोरचा घाबरून पळाला नाही हे त्याला दिसतं.

यातलं एक तत्त्व प्रत्येक घरात उपयोगी पडेल. इरा आल्टशुलर या मनोविकारतज्ज्ञांनी १९४० च्या दशकात ते मांडलं. आधी माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिच्याशी जुळणारं संगीत द्यायचं, मग हळूहळू, पायरी पायरीने त्याला दुसरीकडे न्यायचं. उदास माणसासमोर धांगडधिंगा लावला तर तो आणखी एकटा पडतो, कारण आपलं दुःख इथे कुणाला नको आहे एवढंच त्याला कळतं. समुपदेशनाची पहिली पायरीही हीच आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की समोरच्याला बदलायला जाण्याआधी तो आहे तसा स्वीकारावा लागतो. संगीतोपचार आणि समुपदेशन इथे एकमेकांना भेटतात.

आता पुराव्याकडे वळू. फिनलंडच्या युवास्कुला विद्यापीठातल्या याक्को एर्किला आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नैराश्य असलेल्या ७९ प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं आणि थोड्या काळाचा मानसोपचार, मिळतच होते. त्यांतल्या ३३ जणांना त्याशिवाय वीस सत्रं संगीतोपचार मिळाला. प्रत्येकाने प्रशिक्षित उपचारकासोबत ढोल आणि इतर वाद्यांवर मनाला येईल तसं वाजवायचं आणि मग त्यावर बोलायचं. तीन महिन्यांनी या ३३ जणांचं नैराश्य आणि चिंता दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली होती. चांगली सुधारणा झालेल्यांचं प्रमाण ४५ टक्के, दुसऱ्या गटात २२. सहा महिन्यांनी मात्र दोन गटांतला फरक इतका कमी झाला की तो ठामपणे सांगता येईना. हा दुसरा भाग बातम्यांत गळून पडतो. सत्रं संपल्यावर परिणाम ओसरत असेल, तर आधार चालू ठेवण्याची व्यवस्था हवी. नैराश्य हे दोन-तीन महिन्यांत कायमचं निपटून टाकण्याचं दुखणं नाही, हे समुपदेशकांना माहीत असतंच.

अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी करणाऱ्या कॉक्रन या संस्थेने २०१७ मध्ये नैराश्यावरचे नऊ अभ्यास, एकूण ४२१ माणसं, तपासली. नेहमीच्या उपचारांसोबत संगीतोपचार दिला तर थोड्या काळासाठी फायदा होतो, असा निष्कर्ष निघाला. इथे ‘सोबत’ या अटीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. उपचारांऐवजी संगीत, असं या छाननीत कुठेही म्हटलेलं नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांबाबत २०१८ च्या छाननीत २२ अभ्यास होते. उदासी कमी होते असं त्यांत दिसलं, पण अस्वस्थपणे येरझाऱ्या घालणं, ओरडणं यावर फारसा फरक पडला नाही. स्वमग्न मुलांबाबतचा इतिहास तर सावध करणारा आहे. नऊ देशांतल्या ३६४ मुलांचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला आणि सामाजिक संवादाच्या मुख्य मोजमापावर संगीतोपचाराचा वेगळा फायदा त्यात दिसला नाही. पाच वर्षांनी झालेल्या व्यापक छाननीत एकंदर सुधारणेच्या बाजूने कौल मिळाला. म्हणजे प्रश्न अजून मिटलेला नाही. ‘संगीताने ऑटिझम बरा होतो’ असं सांगून पालकांकडून हजारो रुपये घेणाऱ्यांना या आकड्यांचा आधार मिळत नाही.

पक्षाघातानंतरचं चित्र जास्त उत्साह देणारं आहे. हेलसिंकीत तेप्पो सार्कामो यांनी २००८ मध्ये दाखवलं की पक्षाघातानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत रोज आपल्या आवडीचं संगीत ऐकणाऱ्या रुग्णांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता जास्त सुधारली. बोलकी पुस्तकं ऐकणाऱ्या किंवा काहीच न ऐकणाऱ्या रुग्णांशी ही तुलना होती. संगीत ऐकणाऱ्यांत उदासीही कमी होती. संगीत कोणतं ऐकायचं हे रुग्णाने ठरवायचं होतं. वाचा गेलेल्या काही रुग्णांना वाक्य बोलता येत नाही पण गाणं गाता येतं, या निरीक्षणावर बॉस्टनमध्ये १९७३ मध्ये एक वेगळी पद्धत बेतली गेली. रोजची वाक्यं सुरात म्हणवून घ्यायची, डाव्या हाताने ठेका धरायचा आणि मग सूर हळूहळू काढून घ्यायचा. वाचा-उपचारतज्ज्ञ आजही ही पद्धत वापरतात.

हे सगळं का घडतं, हेही थोडंफार कळलं आहे. मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामाइन स्रवतं, आणि तो क्षण यायच्या आधी, नुसत्या अपेक्षेनेही स्रवतं. तिहाईच्या आधी सभागृह श्वास रोखून बसतं ते याच अपेक्षेवर. गाताना श्वास सोडण्याचा काळ लांबतो, आणि सावकाश श्वास सोडण्याने शरीर शांत होतं. एकत्र ठेका धरणाऱ्या माणसांत आपलेपणा वाढतो. यातली कोणतीही गोष्ट ठरावीक रागावर अवलंबून नाही.

मग रागांचं काय? इथे तक्तेवाल्यांना पूर्ण झटकून टाकणंही बरोबर होणार नाही. लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्प्सन यांनी १९९९ मध्ये हिंदुस्तानी संगीताची ओळख नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना राग ऐकवले. आनंद, दुःख आणि क्रोध कोणत्या सादरीकरणात अभिप्रेत आहे हे त्यांना बऱ्यापैकी ओळखता आलं. लय आणि सुरावटीची गुंतागुंत हे त्यांचे मुख्य आधार होते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या अभ्यासात, २०१५ मध्ये, एकाच रागाचा आलाप आणि तालातली गत वेगळ्या भावना जागवतात असं दिसलं, आणि कोमल ऋषभाचा ताणाशी संबंध आढळला. बंगळूरच्या निम्हान्समध्ये शांतला हेगडे यांच्या प्रयोगशाळेत संगीत आणि मेंदूवर गंभीर काम चालतं, पुदुच्चेरीला सुमती सुंदर यांनी वैद्यकीय विद्यापीठात संगीतोपचाराचं केंद्र उभं केलं. रागांत भावना आहे, ती मोजताही येते. पण भावना जागणं आणि आजार बरा होणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर तक्त्याच्या एका ओळीत ओलांडलं जातं. शिवाय माझ्या आजीच्या पिढीला जो मारवा कातर करतो, तो ज्या मुलाने शास्त्रीय संगीत कधी ऐकलंच नाही त्याला निव्वळ कंटाळवाणा वाटू शकतो.

संगीताचा त्रासही होतो, हे फार कमी लिहिलं जातं. किशोरवयीन मुलं तासन्‌तास इअरफोन लावून तीच ती दुखरी गाणी ऐकतात. काहींना त्यातून मोकळं वाटतं, काही मात्र त्याच विचारांत गोल गोल फिरत खोल जातात. सुवी सारिकॅलिओ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हा फरक ओळखण्यासाठी एक साधी प्रश्नावली बनवली. गाणं ऐकल्यावर बरं वाटतं की आणखी वाईट, गाण्यामुळे माणसांत मिसळणं वाढतं की त्यांच्यापासून लपणं, असे प्रश्न. शाळेतल्या समुपदेशकाने मुलाला ‘काय ऐकतोस?’ विचारून पुढे ‘ऐकून झाल्यावर कसं वाटतं?’ एवढं विचारलं, तरी पुष्कळ कळतं. दंगल, बलात्कार, अपघात अनुभवलेल्या माणसाला त्या वेळी वाजत असलेलं एखादं गाणं पुन्हा त्याच क्षणात नेऊन टाकू शकतं. अशा वेळी खोलीत सावरणारं कुणी असावं लागतं. संगीतोपचारक शिकलेला असावा, हा आग्रह याच कारणाने आहे.

समुपदेशनात महाराष्ट्र आणि गोवा यांचं काम जगाने दखल घ्यावी असं आहे, आणि या विषयात ते फारसं आठवलं जात नाही याची मला खंत वाटते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० मध्ये मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, किशोर फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत रुजवली. गोव्यात ‘संगात’ या संस्थेने त्यापुढचं पाऊल टाकलं. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटींत समुपदेशन द्यायचं, आणि ते देणारे मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण नीट प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक. ४९५ रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेलं. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात हे घडलं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला शिकवलं. पुण्याच्या वस्त्यांत बापू ट्रस्टने भार्गवी दावर यांच्या पुढाकाराने समुपदेशनात कलेवर आधारित पद्धतींचा वापर केला.

गोव्यातल्या पद्धतीचा गाभा असा की नैराश्यात माणूस आनंद देणाऱ्या गोष्टी एकेक करून सोडत जातो आणि त्या सोडल्यामुळे नैराश्य वाढतं, म्हणून त्या छोट्या छोट्या पायऱ्यांनी परत सुरू करायच्या. आपल्या समाजात या सुटलेल्या गोष्टींत गाणं कितीदा असतं! भजनी मंडळात जाणं बंद झालेलं असतं, पेटीवर कापड पडलेलं असतं, स्वयंपाक करताना गुणगुणणारी बाई गप्प झालेली असते. समुपदेशकाने पुढच्या आठवड्याचं काम म्हणून ‘बुधवारी मंडळात जाऊन नुसतं बसायचं, गायलं नाही तरी चालेल’ असं ठरवून दिलं, तर त्याला वेगळा खर्च लागत नाही.

एकत्र गाण्याचं मोल तपासून पाहिलेलं आहे. लंडनमध्ये डेझी फॅनकोर्ट आणि रोझी पर्किन्स यांनी बाळंतपणानंतर उदास झालेल्या १३४ आयांचा अभ्यास २०१८ मध्ये मांडला. बाळाला घेऊन दहा आठवडे गटात गाणाऱ्या आयांपैकी ज्यांचा त्रास मध्यम ते तीव्र होता, त्या लवकर सावरल्या. ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साध्या समूहगायनाने उदासी कमी केली, आणि तिथे संगीतोपचाराच्या औपचारिक सत्रांपेक्षा ते सरस ठरलं. माझ्या मूळ मताला हा अभ्यास छेद देतो आणि म्हणूनच तो इथे नोंदवणं मला गरजेचं वाटतं. हलका, पसरलेला एकटेपणा दूर करायला सोबत गाणारी माणसं पुरत असावीत. खोल जखमेला आणि आजाराला मात्र शिकलेला उपचारक लागतो.

सोबत गाण्याची परंपरा आपल्याकडे कमी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून काम करत जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासुरवास, मेलेलं मूल, भावाची वाट, बापाची आठवण, असं किती काय बायकांनी पहाटे जात्याला सांगितलं. या ओव्यांना आज ‘उपचार’ म्हणून गौरवणं मला पटत नाही, कारण त्या बायकांकडे दुसरी वाटच नव्हती. ओवी गाऊन सासरचा छळ थांबला नाही. समुपदेशकाचं काम तिथेच सुरू होतं, जिथे गाण्याने मन मोकळं झालं आणि आता परिस्थितीचं काय करायचं हा प्रश्न उरला. कायदा, निवारा, औषध, पैसे, यांची उत्तरं सुरांत सापडत नाहीत.

आणखी एक काळजी घ्यावी लागेल. महाराष्ट्राचं गाणं म्हणजे अभंग, असं धरून चालणारी शिबिरं मी पाहिली आहेत. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांवर वाढलेला माणूस, कव्वालीवर वाढलेला, चर्चमधल्या गायनात आणि मांडोत रमणारा गोवेकर, रॅप करणारा धारावीतला पोरगा, या सगळ्यांना एकच भक्तिसंगीत देणं म्हणजे त्यांना पुन्हा एकदा बाहेर ठेवणं. उपचारात गाणं रुग्णाचं असावं लागतं; हेलसिंकीच्या अभ्यासातही ते रुग्णानेच निवडलं होतं.

राहिला प्रश्न व्यवस्थेचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांतल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ब्रिटनमध्ये ‘संगीतोपचारक’ हे नाव नोंदणीशिवाय लावणं बेकायदा आहे. आपल्याकडे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, पण संगीतोपचारकांसाठी अशी स्वतंत्र नोंदणी नाही. दोन दिवसांचं शिबिर करून कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून कुणाकडे जाण्याआधी विचारा: तुम्ही कुठे शिकलात, किती काळ देखरेखीखाली काम केलंत, माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? औषध बंद करायला सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. आणि ज्या विद्यापीठांत संगीताचा आणि मानसशास्त्राचा विभाग एकाच आवारात आहे, त्यांनी या दोन्ही विभागांचा एकत्र, रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाची सक्ती असलेला अभ्यासक्रम मराठीतून सुरू करावा. गोव्यातल्या समुपदेशनाच्या पद्धतीत समूहगायनाची भर घालून तिची रीतसर चाचणी घ्यावी. ती चाचणी घ्यायला लागणारी माणसं आणि अनुभव इथेच आहेत.

तोवर, मन फार काळ खचलेलं असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर गाण्यावर विसंबून थांबू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, आणि तिथे मराठीत बोलता येतं.